तिकीट न काढता बडोदा: एक आत्या, दोन भाचरं आणि सात कटलेले पतंग

उत्तरायणानंतरचा, म्हणजे गुजरातेतल्या संक्रांतीच्या पतंगांच्या सणानंतरचा, पहिला रविवार. भाऊ-वहिनी लग्नाला नडियादला गेलेले आणि भाचरं माझ्या ताब्यात, थोरली आठ वर्षांची, धाकटा चारचा. आदल्या रात्रीच मी करार केला होता: उद्या भरपूर फिरायचं, पण तिकीट लागतं तिथे जायचं नाही. थोरलीने लगेच विचारलं, "रिक्षा चालेल ने?" रिक्षा चालेल, म्हटलं. तेव्हा 'फुकट' या शब्दात रिक्षाभाडं धरलेलं नाही, हे आधीच सांगते.

माझी यादी तीन ठिकाणांची होती: कमाटीबाग, तांबेकर वाडा, सूरसागर. चार वर्षांचं मूल बरोबर असेल तर तीन म्हणजे एक जास्त होतं, हे मला दुपारी कळलं. तुम्ही आत्ताच एक खोडून टाका.

कमाटीबाग स्टेशनपासून पायी जाण्याइतकी जवळ आहे. मुंबई-सुरतेहून गाडीने येणाऱ्यांनी रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा सरळ चालावं. काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडचं मोठं फाटक पकडावं. बागेत शिरायला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते आतल्या प्राणिसंग्रहालयाला, म्युझियमला, तारांगणाला आणि खेळण्यातल्या गाडीला. खरी परीक्षा इथेच असते. गाडीची शिट्टी लांबूनच ऐकू येते आणि त्या आवाजापुढे रात्रीचा कुठलाही करार टिकत नाही. मी एक युक्ती केली. फाटकातून आत गेल्या गेल्या दोघांना काम लावलं, झाडांत अडकलेले पतंग मोजायचे. उत्तरायणानंतर आठवडाभर बडोद्यातल्या प्रत्येक झाडाला पतंग लागलेले असतात आणि खाली गवतातही दोन-चार सापडतात. धाकट्याने पहिल्याच वाफ्यात एक जांभळा उचलला आणि शिट्टी विसरला.

पण या युक्तीला एक काटा आहे, आणि तो मला टोचला. धाकट्याने झुडपात गुंतलेला मांजा ओढला आणि तर्जनीवर बारीक, पण खोल चीर गेली. रक्तापेक्षा रडणंच जास्त होतं, तरी मला घाम फुटला. पिशवीत पट्टी होती म्हणून भागलं. पतंग गोळा करायला पाठवणार असाल तर 'दोरा दिसला की हात लावायचा नाही, मला हाक मारायची' हे तीनदा म्हणवून घ्या, आणि मुलांना पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. बोटाला पट्टी बांधल्यावर त्याचा रुबाब वाढला, ते वेगळं.

बाग १८७९ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हा सयाजीराव महाराज स्वतः पोरसवदाच होते, जेमतेम पंधरा वर्षांचे, आणि राज्याचा पूर्ण कारभार त्यांच्या हातात यायला अजून अवकाश होता. थोरलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने हिशोब केला, "म्हणजे मला सात वर्षं आहेत." कशाला सात वर्षं आहेत, ते मी विचारलं नाही.

फुलांच्या घड्याळापाशी आम्ही चांगले पाऊण तास होतो, माझ्या अंदाजाच्या तिप्पट. तबकडी वीस फूट रुंद, आकडे झाडांचे, आणि यंत्र जमिनीखाली. धाकट्याला यंत्र दिसत नाही हे पटेचना. खाली कोणीतरी बसून काटे ढकलतंय असं त्याने ठरवलं आणि त्या माणसाला जेवायला काय देतात, यावर बराच वेळ चर्चा झाली. अशा वेळी पुढे ओढायचं नाही. पुढे काही पळून जात नाही.

म्युझियम दिसलं तेव्हा मात्र मीच जरा डळमळले. आत देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तर फुटांच्या आसपास लांब. तो मासा १९४४ साली महीच्या मुखाशी येऊन लागला होता. लहानपणी मी त्याच्या बरगड्यांखाली उभी राहून घाबरले होते. पण करार म्हणजे करार. तो थोरलीच्या वाढदिवसाला ठेवला. ज्यांना तिकिटाची अडचण नाही त्यांनी बाकी सगळं सोडून आधी तो बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

डबा घरचाच हवा. मी तिखट-मिठाच्या पुऱ्या, गुळांबा आणि उकडलेले बटाटे नेले होते. पुऱ्या उन्हात मऊ पडत नाहीत, हात बरबटत नाहीत आणि उरल्या तर संध्याकाळी चहाबरोबर संपतात. बसायला जुनी चादर, पाण्याच्या दोन बाटल्या, धाकट्याची जादा चड्डी, आणि कचरा परत नेण्यासाठी रिकामी पिशवी. चेंडू नेऊ नका. तो गर्दीत कोणाच्या तरी डब्यात पडतो आणि मग दिवसभर माफी मागत फिरावं लागतं.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही बाहेर पडून विश्वामित्रीच्या पुलावर गेलो. हा भाग कुठल्याही तिकिटापेक्षा सरस आहे. या नदीत शेकडो मगरी राहतात, भर शहरात, आणि थंडीच्या दिवसांत उन्हं चढली की त्या काठाच्या चिखलावर अंग शेकत पडतात. सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही. आम्हाला तीन दिसल्या. त्यातली एक लाकडाचा ओंडका निघाली, पण धाकट्याने ती आपल्या हिशोबातून काढली नाही. बघायचं ते पुलावरूनच. काठाकडे उतरणाऱ्या पायवाटा दिसतात, तिकडे वळायचंसुद्धा नाही, आणि नीट दिसावं म्हणून मुलाला कठड्यावर बसवायचं नाही. पावसाळ्यात हा बेतच नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री फुगली तेव्हा मगरी वस्तीत आल्या होत्या, ते बडोद्यात कोणी विसरलेलं नाही.

तिथूनच कीर्तिमंदिराचं, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकाचं, शिखर दाखवता येतं. वर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत, आणि त्या पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. लांबून नकाशा ओळखू येत नाही, पण सूर्य कुठला आणि चंद्र कुठला यावर दोघांचं भांडण लावून देता आलं.

इथून आम्ही घरी जायला हवं होतं. मी मात्र रिक्षा करून रावपुऱ्यात तांबेकर वाड्याला गेले. वाडा सुंदर आहे, पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे आणि तिकीट नाही. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा. वर भिंतीभर चित्रं: रामायण, कृष्णलीला, इंग्रज-मराठ्यांची लढाई, गोऱ्या मडमा. थोरली रमली. एका पगडीवाल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे पुण्याच्या काकाआजोबांसारखे दिसतात," आणि खरंच दिसत होते. पण जिने अरुंद आणि उभे आहेत, चित्रांना हात लावायचा नाही, पळायचं नाही, ओरडायचं नाही. झोपेला आलेल्या चार वर्षांच्या मुलाला याहून मोठी शिक्षा नाही. त्याने दुसऱ्या जिन्यावर बसकण मारली. सहा-सातच्या पुढच्या मुलांना घेऊन वेगळ्या दिवशी सकाळी जा. संध्याकाळवर टाकू नका, आत उजेड मुळातच कमी आहे.

सूरसागर तिथून चालत जाण्याजोगा आहे. मी धाकट्याला खांद्यावर टाकून चालले, म्हणजे मला तो लांबच वाटला. तळ्याच्या मधोमध शंभर फुटांहून उंच शंकर, अंगावर सोन्याचा मुलामा. उतरत्या उन्हात तो इतका लखलखत होता की थोरलीने डोळ्यांवर हात धरला. काठाला न्यायमंदिर, म्हणजे जुन्या कोर्टाची इमारत आहे, आणि १८८६ साली सुरू झालेलं संगीताचं कॉलेज. आपल्या घरातली कोण कोण तिथे शिकली ते मी थोरलीला सांगायला लागले, पण तिचं लक्ष पाणपक्ष्यांकडे होतं. धाकटा हे सगळं झोपेत पार पाडून गेला.

हिशोब: रिक्षा तीनदा, शेंगदाण्याची एक पुडी, बाकी काही नाही. उन्हाळ्यात करणार असाल तर सातला बागेत पोचा आणि दहाला घरी या, मगरी आणि वाडा दोन्ही सोडा. उत्तरायणाच्या दोन दिवसांत रस्त्यावर मुलांना नेऊच नका, गच्चीच बरी.

गोळा केलेल्या सात पतंगांपैकी चार गुंदरपट्टी लावून उडण्याजोगे निघाले. जांभळा त्यात नव्हता. तो धाकट्याच्या उशाखाली आहे.