तुम्ही विचारलंत म्हणून : काकांच्या पत्रांत लढाई कुठे आहे?

काकांची पत्रं पाहिली की सगळे हेच विचारतात. एकाहत्तरच्या युद्धातली पत्रं, मग लढाईचं काय लिहिलंय?

एक ओळसुद्धा नाही. "ती. आई-आबांस शि. सा. नमस्कार, वि. वि. मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे." पुढे म्हैस व्याली का, विहिरीला पाणी किती, मनीऑर्डर पोचली का. काका तेव्हा बावीस वर्षांचे, १ मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत. ठावठिकाणा लिहायचा नाही, असा हुकूम. पण पत्त्यात ९९ ए.पी.ओ., म्हणजे लष्करी टपाल कचेरीचा क्रमांक, दिसला आणि गावातले पेन्शनर सुभेदार म्हणाले, "पोरगं पूर्वेला गेलं." ९९ चं टपाल कलकत्त्यावरून जायचं.

ती पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, जमालपूरला वेढा घालून होती. शरण या म्हणून आपल्याकडून चिठ्ठी गेली, तर पाकिस्तानी कमांडरने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडायला पाकिस्तानी सैनिक निघाले ते थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर. हे मला पुढे पुस्तकांतून कळलं. काकांनी घरी लिहिलं नाही ते नुसतं सेन्सॉरमुळे, असं मला वाटत नाही. पत्र ओसरीवर मोठ्याने वाचलं जायचं. आजीला अक्षर येत नव्हतं, चौथीतला मी वाचायचो, आणि आजी समोर बसलेली असायची. तिच्यासमोर कोण काय लिहिणार?

डिसेंबर संपता संपता एक पत्र आलं. वाचायला देण्याआधी आजी नेहमी कागद हातात धरून बघायची. त्या दिवशी तिने तो माझ्याकडे दिलाच नाही.

"हे त्याचं न्हवं."

"अगं, खाली नाव त्याचंच आहे."

"त्याची वळ वर चढत जाती. ही सरळ हाय."

खरंच होतं. उजव्या हाताला प्लास्टर, काका इस्पितळात, आणि पत्र शेजारच्या खाटेवरच्या जवानाने लिहिलेलं. मजकूर मात्र तोच, मी खुशाल आहे. आजीने माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं: दुसऱ्याच्या हातचं पत्र धाडू नको.

महिन्याभराने आलं. डाव्या हाताने लिहिलेल्या चार ओळी, पहिलीतल्या पोरासारखी मोठी, वेडीवाकडी अक्षरं. पण ओळी वर चढत गेलेल्या. आजीने ते पत्र ट्रंकेत ठेवू दिलं नाही. देव्हाऱ्यात अंगाऱ्याच्या डबीखाली ठेवलं. अजून तिथेच आहे.