पाचवा महिना: लूमिस, मोसंबी आणि ताणलेली झेरॉक्स

मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की माझ्याकडे फिगर ड्रॉइंगची, म्हणजे माणसाची आकृती काढायला शिकवणारी, ३१ पुस्तकं झाली. आधी त्याचा हिशेब देतो. ३१ पैकी २७ स्कॅन, ४ छापील. उघडून पाहिलेली ९. एक तरी धडा शेवटपर्यंत केला अशी २. पुस्तकं जमवणं हा चित्रं काढण्यापेक्षा फारच सोपा छंद आहे, आणि रात्री साडेअकराला तो अगदी अभ्यासासारखा वाटतो.

या वेळी तिघांचीच बाहेर ठेवली, बाकीचं फोल्डर बंद.

सुरुवात अर्थातच अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकारापासून. आपल्यातल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी ‘लूमिस कर’ असं सांगितलेलं असतं, आणि आपण सगळे जाऊन थेट ‘फिगर ड्रॉइंग फॉर ऑल इट्स वर्थ’ उघडतो. कारण नावात फिगर आहे. मीही तेच केलं. पहिली काही पानं झकास जातात: आठ डोक्यांएवढा उंच आदर्श पुरुष, खांदे दोन पूर्णांक एक तृतीयांश डोकी रुंद, बरोबर चौथ्या डोक्यावर शरीराचा मध्य. पट्टी घेऊन बसलं की वाटतं, जमलंच. मग माणसं क्षितिजरेषेच्या वर-खाली उभी राहायला लागतात आणि आपण पुस्तक मिटून चहा टाकतो.

माझी चूक क्रमाची होती. हे पुस्तक १९४३ चं. त्याच्या चार वर्षं आधी, १९३९ मध्ये, याच माणसाने ‘फन विथ अ पेन्सिल’ काढलं होतं, आणि ते मी ‘पोरांचं कार्टूनचं पुस्तक’ म्हणून बाजूला टाकलं होतं. त्यात आधी नुसते गोळे. गोळ्यावर नाक चिकटव, गाल चिकटव, हनुवटी लांबव, झाला एक टकलू म्हातारा. असे पन्नासेक म्हातारे काढून हात सैल झाला की तोच गोळा तो दोन्ही बाजूंनी कापतो, आणि त्यातून खरं डोकं निघतं. व्यंगचित्र आधी, शरीररचना मागाहून. मी पाच महिने उलटा चालत होतो.

आता मोसंबी. गोळ्याच्या दोन्ही बाजू कापायच्या म्हणजे नक्की काय, हे मला कागदावर काही केल्या कळेना. डोकं जरा वळवलं, वर उचललं की कापलेली चकती कुठे दिसेल? शेवटी फ्रिजमधून मोसंबी काढली, दोन्ही कडांच्या चकत्या उडवल्या आणि स्केचपेनने मधोमध आडवी रेघ फिरवली. ती भुवयांची. मग समोरून एक उभी रेघ, चेहऱ्याच्या मध्याची. मोसंबी हातात धरून फिरवत गेलो आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला: चकती आपल्याकडे वळली की ती गोल दिसायला लागते, पलीकडे वळली की चपटी होत होत नाहीशी होते. कान कुठे, तर त्या चकतीच्या मध्यापासून मागे, भुवईच्या आणि नाकाच्या रेघेमध्ये. केसांपासून भुवई, भुवईपासून नाकाचं बूड, तिथून हनुवटी, असे तीन सारखे भाग. हनुवटी मात्र मोसंबीच्या बाहेर लोंबते, तिच्यासाठी वेगळी सोय करावी लागते. बायकोने विचारलं, ‘या मोसंबीला काय झालंय?’ मी म्हटलं, डोकं आहे. तिने काही न बोलता सरबत केलं.

तरीही तीन आठवडे माझी सगळी माणसं ठेंगणी आणि रुंद येत होती. मला वाटलं, हाताचा दोष. स्क्रीनवर बघून काढायचा कंटाळा येतो म्हणून मी एका दुकानातून स्कॅनच्या प्रिंट काढून स्पायरल करून आणल्या होत्या. एकदा सहज लूमिसच्या गोळ्यावर पट्टी ठेवली: आडवा ६ सेंटिमीटर, उभा ५.३. म्हणजे गोळाच अंड्यासारखा! पान कागदावर भरून बसावं म्हणून कोणीतरी ते आडवं ताणलं होतं, आणि मी इमानेइतबारे तो ताण गिरवत होतो. तेव्हा मंडळी, प्रिंट हातात आली की आधी एखादं वर्तुळ दोन्ही बाजूंनी मोजा. मग पैसे द्या.

छापील घ्यायचं असेल तर आज ते सोपं आहे. लूमिसची पुस्तकं कित्येक वर्षं छपाईबाहेर होती आणि लोक स्कॅनवरच जगत होते. २०११ पासून लंडनच्या टायटन बुक्सने ती जशीच्या तशी, मोठ्या आकारात पुन्हा काढली. जाड कागद, करडे रंग स्वच्छ. महाग आहेत, पण पेन्सिलीच्या छटा झेरॉक्समध्ये काळ्या डबक्यासारख्या होतात, त्यापेक्षा एकच घ्या पण छापील घ्या.

जॉर्ज ब्रिजमनच्या ‘कन्स्ट्रक्टिव्ह अ‍ॅनाटॉमी’ला विकत घेण्याचा प्रश्न नाही. पुस्तक १९२० चं, लेखक १९४३ मध्ये गेला, त्यामुळे ते इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातून बिनधास्त उतरवून घेता येतं. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये त्याने पिढ्या शिकवल्या, खुद्द लूमिस त्याचा विद्यार्थी. पण नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. त्याचे स्नायू सह्याद्रीतल्या कातळासारखे एकमेकांत अडकवलेले असतात. बघताना थरारून जायला होतं, काढताना माझा हात मात्र भात भरलेल्या हातमोज्यासारखा येतो. त्याच्याकडून मी सध्या एकच गोष्ट घेतली: छातीचा पिंजरा हा एक ठोकळा, कंबर दुसरा ठोकळा, आणि एक कलला की दुसरा उलट कलतो. बस थांब्यावर एका पायावर भार टाकून उभी असलेली माणसं बघा, सगळं तिथे आहे.

तिसरं, प्रेस्टन ब्लेअरचं अ‍ॅनिमेशनचं. डिस्नेच्या ‘फँटासिया’तले नाचणारे पाणघोडे ज्यांनी हलवले त्यांतला हा एक. पुस्तक पातळ, मजकूर नावापुरता. गोंडस पात्राची त्याची कृती म्हणजे तान्हं बाळ: डोकं मोठं, कपाळ उंच, डोळे खाली आणि दूर दूर. हे वाचून मी घरातल्यांना पेन्सिलीने मोजलं. बाबा सव्वासात डोकी, मी सात, पुतणी चार. आमच्या घरात लूमिसच्या आदर्शात बसेल असं कोणी नाही, ब्लेअरच्या मात्र पुतणी चपखल बसते.

एक प्रयोग चालू केलाय. अमेरिकेत १९४८ मध्ये फेमस आर्टिस्ट्स स्कूल नावाची पोस्टाने चित्रकला शिकवणारी संस्था निघाली. तिच्या व्यंगचित्रांच्या अभ्यासक्रमात मिल्टन कॅनिफ, रूब गोल्डबर्ग अशी दांडगी नावं होती. विद्यार्थी चित्र पाठवायचा, तिथला शिक्षक त्यावर पारदर्शक कागद ठेवून दुरुस्ती काढून परत पाठवायचा. मूळ चित्राला हात लागायचा नाही. मी आणि एक मित्र आता बटर पेपर ठेवून हेच करतो, लाल पेन्सिलीने. माझ्या शेवटच्या पाच चित्रांत त्याने पाचही वेळा मान पुढे ओढली. मान खांद्यांवर बाटलीच्या बुचासारखी उभी नसते, पुढे झुकलेली असते, हे मला कितीदा वाचूनही कळलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात हात घेणार, म्हणजे पंजे. तोवर रोज सकाळी बस थांब्यावर वीस मिनिटं. शाळेत इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात आम्ही सगळे ‘बाजार’ काढताना माणसं पाठमोरी काढायचो, तोंड टाळता यावं म्हणून. परवा पहिल्यांदा धीर करून एका काकांचा चेहरा धरला. गोळा झाला, चकती झाली, भुवईची रेघ पडली, आणि काका वळून बसमध्ये चढायला लागले. पाठ काढली. ती झकास आली.