ओट्यावरची सावली: एका किचन रेंडरची दुरुस्ती

फाइल आली ती कोथरूडमधल्या रिडेव्हलपमेंट झालेल्या एका इमारतीतल्या किचनची. आठ फूट रुंद, साडेदहा फूट लांब, दोन्ही बाजूंना ओटे आणि मधे जेमतेम चार फुटांची वाट. मुख्य ओटा पूर्वेच्या भिंतीला, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याचं तोंड पूर्वेकडे. वास्तूचं समाधान झालेलं. पश्चिमेला फ्रिज, टॉल युनिट आणि मिक्सरपुरता लहान ओटा. उत्तरेला ड्राय बाल्कनी, दक्षिणेला डायनिंग. रेंडर, म्हणजे संगणकातल्या थ्रीडी मॉडेलवरून काढलेलं चित्र, दुसऱ्या एका स्टुडिओने आधीच करून दिला होता. डिझायनरचं म्हणणं एवढंच, "चित्र मेलेलं वाटतंय. लायटिंग आणि अँगल तेवढे नीट करा." घरातले काका-काकू संध्याकाळी ऑफिसात येणार होते आणि दुसऱ्या दिवसापासून फॉल्स सीलिंगचं काम सुरू व्हायचं होतं.

चित्र मेलेलं का वाटतं, ते फाइल उघडल्यावर लगेच कळलं. ड्राय बाल्कनीतून पिवळ्याधमक उन्हाचा तिरपा पट्टा थेट ओट्यापर्यंत आणलेला होता. दिसायला आकर्षक, पण खोटा. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात इथला सूर्य भर दुपारी ४८ अंशांच्या आसपास असतो आणि तोही दक्षिणेला. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारी तो डोक्यावरून थोडासा उत्तरेला सरकतो खरा, पण तेव्हा ऊन जवळजवळ सरळ खाली पडतं. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीला चाटून जाणारं ऊन असतं. चार फूट खोल बाल्कनी आणि वरचा स्लॅब असताना ते किचनच्या आत फारसं येत नाही. मॉडेलला जिओ-लोकेशन, म्हणजे पृथ्वीवरची खरी जागा, दिलेलंच नव्हतं, सूर्य हाताने फिरवून बसवलेला होता. उत्तरेच्या मोकळ्या बाजूला सूर्य बंद करावा आणि ढगाळ आकाशाचा एचडीआरआय (आकाशाच्या खऱ्या उजेडाची नोंद असलेला फोटो) डोम लाइटला, म्हणजे सगळीकडून उजेड देणाऱ्या घुमटाला, लावावा, हे सरळ उत्तर. मग समोरच्या इमारतीची भिंत म्हणून सहा मीटरवर फिकट क्रीम रंगाचा एक साधा प्लेन उभा केला. शहरातल्या किचनमध्ये आकाशाइतकाच उजेड त्या शेजारच्या भिंतीवरून येतो. (जुन्या चित्रात बाहेर हिरवा डोंगर होता. वेताळ टेकडी ज्या खिडकीतून दिसत नाही, तिथे ती लावू नये. घरमालक रोज तीच खिडकी बघणार असतो.)

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्यामागे आणि छताला चार अदृश्य रेक्टँगल लाइट लपवलेले, सावली न पाडणारे. हे 'फिलर' दिवे घातले की अंधारे कोपरे जातात आणि सोबत कॅबिनेटखालची सावली, शटरच्या फटी, ग्रॅनाइटच्या कडेची जाडी असं सगळं जातं. चित्र सपाट होतं. चारही काढून टाकले. खरे दिवे होते, पण त्यांची तीव्रता कुठे ३०, कुठे ८० अशी, एकक नसलेली. व्ही-रे या रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये लाइटचं युनिट ल्युमेनवर (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं एकक) घ्यावं आणि इलेक्ट्रिकल ड्रॉइंगमधले वॅट बघून आकडे भरावेत. १५ वॅटचं एलईडी पॅनेल साधारण १३५० ल्युमेन देतं. ड्रॉइंगमध्ये वाटेच्या मध्यरेषेवर अशी दोन पॅनेल होती, बाकी काही नाही. तेवढीच ठेवली.

फिलर काढल्यावर स्क्रीन काळी झाली, कारण एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, उन्हाचं होतं. बाहेरच्या उन्हाला एक्स्पोजर व्हॅल्यू १४ च्या आसपास लागते, दिवसा आतल्या खोलीला आठ-नऊ, रात्री फक्त दिव्यांवर सहा. एक आकडा खाली म्हणजे उजेड दुप्पट. इथे लोक एक्स्पोजर तसंच ठेवून दिव्यांचे आकडे वाढवत नेतात आणि मग पॅनेलखाली पांढरे ठिपके जळतात. आधी एक्स्पोजर, मग दिवे, हाच क्रम. सगळ्यावर राखाडी मटेरियल ओव्हरराइड टाकून (म्हणजे प्रत्येक वस्तूला तात्पुरता एकच राखाडी रंग देऊन), काचा तेवढ्या वगळून, चाचणीचा रेंडर काढला. रंग आणि लॅमिनेट डोळ्यांसमोर नसले की उजेड कुठे पोचत नाही ते स्वच्छ दिसतं.

प्रमाण कळावं म्हणून ओट्यापाशी १५५० मिलिमीटर उंचीची मानवाकृती उभी होती. या राखाडी चित्रात तिच्या डोक्याची सावली ओट्याच्या बरोबर मध्यावर पडली होती, विळी-सुरी चालते तिथेच.

हिशेब साधा आहे. पॅनेल पूर्वेच्या भिंतीपासून १२२० मिलिमीटरवर आणि २६७० उंचीवर. ओटा ६०० खोल. किंचित वाकून काम करणाऱ्याचं डोकं भिंतीपासून ६८० च्या आसपास येतं. म्हणजे दिवा पाठीमागे. पॅनेल आणि डोकं जोडणारी रेषा ८६० उंचीच्या ओट्यापर्यंत खाली आणली, तर ती भिंतीपासून ३५० वर टेकते. लायटिंग अ‍ॅनालिसिसचा थर चालू करून पाहिलं: मोकळ्या ओट्यावर १५० लक्सच्या (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक) आसपास, सावलीत सत्तरच्या आत. चिरण्या-निवडण्याच्या कामाला तीनशे ते पाचशे लक्स असावेत असा आमचा धरलेला आकडा. जुन्या रेंडरमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं. फिलरनी ती सावली पुसून टाकली होती.

डिझायनरला फोन गेला. उपाय नवा नाही: वरच्या कॅबिनेटच्या तळाला एलईडी स्ट्रिप. ओट्यापासून कॅबिनेटचा तळ ६०० वर, चिमणी ९०० रुंद, त्यामुळे दोन्ही बाजूंना १.१ मीटरचे दोन तुकडे. मीटरला १० वॅट, सुमारे ९०० ल्युमेन. जागा पुढच्या कडेजवळ, तोंड थोडं भिंतीकडे वळवलेलं, म्हणजे ओटा आणि डॅडो (ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्स) दोन्ही उजळतात. मागे भिंतीला चिकटवली तर डॅडोच्या टाइल्सवर प्रखर पट्टा येतो आणि सुरीखाली पुन्हा अंधारच. नजरेआड राहावी म्हणून पुढे ३० मिलिमीटरची पट्टी. रेंडरमध्ये स्ट्रिप म्हणजे १० मिलिमीटर रुंदीचा रेक्टँगल लाइट, डिफ्यूझरमध्ये (दुधी झाकणात) जाणारा साधारण पाव उजेड वजा करून. पुन्हा मोजलं तर ओट्यावर चारशेच्या पुढे आणि डोक्याची सावली पुसट.

आता रचना. जुना कॅमेरा किचनच्या आत, साडेपाच फूट उंचीवर, १८ एमएमची लेन्स आणि खाली झुकवलेला. १८ एमएम म्हणजे ९० अंशांचा कोन; जवळचा फ्रिज चेपून ताणल्यासारखा दिसत होता आणि टॉल युनिट बाहेरच्या बाजूला कललंय असं वाटत होतं. कॅमेरा डायनिंगमध्ये मागे नेला, आड येणारी भिंत क्लिपिंग प्लेनने कापली, लेन्स २८ एमएम, म्हणजे ६५ अंश. उंची ११५०. हा आकडा उगाच नाही: ओटा ८६० वर, कॅबिनेटचा तळ १४६० वर, आणि कॅमेरा या दोन्हींच्या जवळजवळ मध्यावर. त्यामुळे ग्रॅनाइटचा पृष्ठभाग दिसतो आणि स्ट्रिपचा उजेड कुठून येतो तेही कळतं. डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवला तर ओटा भरपूर दिसतो, पण कॅबिनेटखालचं सगळं झाकलं जातं. कॅमेरा पातळीत, उभ्या रेषा उभ्याच, वर-खाली हवं ते व्हर्टिकल शिफ्टने (कॅमेरा न झुकवता चौकट सरकवून). कॅमेरा पश्चिमेला अडीचशे मिलिमीटर सरकवला, फ्रेममध्ये मुख्य ओट्याला जास्त जागा मिळाली. समांतर ओट्यांच्या अरुंद किचनला उभी फ्रेमच शोभते. ४:५ ठेवली, व्हॉट्सअ‍ॅपवरही ती नीट दिसते.

मटेरियलमध्ये फार वेळ गेला नाही, पण तीन गोष्टी सांगतो. पांढरा रंग २५५ (शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा) नको, २३० च्या आसपास ठेवावा. खरा पांढरा पेंटही ८० टक्क्यांच्या आसपासच उजेड परत फेकतो. त्याहून जास्त दिला तर खोली दुधाळ होते. ग्रॅनाइटचा काळा शून्यावर नको, २५-३० ठेवावा. शटरच्या कडांना दीड मिलिमीटरची गोलाई द्यावी. कडेवरची ती बारीक चकाकी नसेल तर कॅबिनेट पुठ्ठ्याची वाटतात. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कॅमेऱ्यामागची खोली. अ‍ॅक्रिलिकची शटर आणि चकचकीत डॅडो आरशाचं काम करतात. मागे मॉडेल नसेल तर त्यांत काळी पोकळी उमटते, आणि पाहणाऱ्याला कारण न कळता चित्र उदास वाटतं. डायनिंगच्या तीन भिंती, एक टेबल आणि छताचा दिवा, एवढं पुरतं.

ओट्यावरच्या वाइनच्या बाटल्या आणि लिंबांचा काचेचा वाडगा काढला. कुकर, मिसळणाचा डबा, कोथिंबिरीची जुडी आली. जास्त वस्तू नकोत. ओट्याचा दोन-तृतीयांश भाग मोकळा असेल तरच त्याचा आकार कळतो.

काकूंना दोन चित्रं दाखवली: फक्त पॅनेल, आणि पॅनेलसोबत स्ट्रिप. दोन्हींत ती मानवाकृती मुद्दाम ठेवली होती. पहिल्या चित्राकडे बघून त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या जुन्या घरी अगदी हेच व्हायचं. मला वाटायचं माझेच डोळे गेले." काकांना सगळे दिवे ६५०० केल्व्हिनचे (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर-पांढरा) हवे होते, "लख्ख पाहिजे" म्हणून. लाइट मिक्समध्ये प्रत्येक दिवा वेगळा असल्यामुळे पुन्हा रेंडर न करता तिथेच रंग बदलून दाखवता आला. ६५०० मध्ये लाकडी लॅमिनेट राखाडी झालं, कोथिंबीर निळसर. ३००० मध्ये पांढरी शटर पिवळी. पॅनेल आणि स्ट्रिप दोन्ही ४००० वर सगळ्यांचं जमलं.

एक मुद्दा अडला. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटमध्ये स्ट्रिपचं प्रतिबिंब दिसतं, आणि उभ्या माणसाला ते ओट्याच्या पुढच्या कडेजवळ दिसतं. स्ट्रिप मागे-पुढे केली तरी ते फक्त सरकतं, जात नाही. लेदर फिनिश (कमी चकचकीत, किंचित खडबडीत) घेतलं तर ते पसरून पुसट होतं, ग्लॉसीनेस, म्हणजे चकाकीचा आकडा, ०.९५ वरून ०.६५ वर आणून तेही दाखवलं. काकूंनी नाही म्हटलं. "पॉलिशच ठेवा. वरणाचा ओघळ एका फडक्यात निघतो." मग प्रतिबिंब चित्रातही तसंच ठेवलं. उघड्या स्ट्रिपचे सुटे ठिपके दिसतात, दुधी डिफ्यूझर असलेल्या अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये एकसंध रेघ. ड्रॉइंगवर प्रोफाइल सक्तीचं लिहिलं.

अंतिम रेंडर २४०० बाय ३०००, नॉइज लिमिट (चित्रात चालेल तेवढ्या दाणेदारपणाची मर्यादा) ०.००५. त्याहून ढिलं ठेवून सगळं डीनॉइझरवर (दाणेदारपणा पुसणाऱ्या टूलवर) सोडलं तर ग्रॅनाइटचे दाणे पुसले जातात आणि ओटा रेक्झिनचा दिसतो. चित्रासोबत इलेक्ट्रिशियनसाठी सुधारित सीलिंग प्लॅन गेला: दोन पॅनेल जागच्या जागी, स्ट्रिपला वेगळा स्विच, स्ट्रिपला वीज पुरवणारा २४ व्होल्टचा ३० वॅटचा ड्रायव्हर चिमणीवरच्या कप्प्यात. तो सीलिंगमध्ये बंद केला तर बिघडल्यावर पीओपी फोडावं लागतं.