वीज गेली, आली, तरी अंबडला फेरी नाही: उबुंटूचं रिमोट लॉगिन आणि रेमिना

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधलं उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) मशीन मी गंगापूर रोडवरच्या घरून रेमिनाने चालवतो; रेमिना म्हणजे दूरच्या मशीनचा पडदा आपल्याकडे दाखवणारा प्रोग्राम. अडचण वेगाची कधीच नव्हती. वीज जाऊन आली की मशीनपाशी बसून कुणीतरी लॉगिन करेपर्यंत डेस्कटॉप घरी दिसत नसे, ही होती. ऑटो-लॉगिन लावूनही भागत नाही. पासवर्ड न टाकता आत गेलं की किरिंग, म्हणजे पासवर्ड साठवायची कुलूपबंद तिजोरी, बंदच राहते, आणि डेस्कटॉप शेअरिंगचा पासवर्ड असतो नेमका त्यातच.

मार्च २०२४ मध्ये आलेल्या ग्नोम ४६ ने (ग्नोम म्हणजे उबुंटूचा डेस्कटॉप) हा तिढा सोडवला; उबुंटू २४.०४ मध्ये तोच आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, रिमोट डेस्कटॉप इथे गेलं की 'डेस्कटॉप शेअरिंग'शेजारी 'रिमोट लॉगिन' दिसतं. अॅडमिनचा पासवर्ड देऊन ते चालू करायचं आणि खाली वेगळं युजरनेम-पासवर्ड ठरवायचं. बहुतेक जण अडकतात ते इथेच. रेमिनाच्या प्रोफाइलमध्ये (जोडणीच्या साठवलेल्या सेटिंगमध्ये) हे वेगळं नाव टाकायचं, उबुंटूच्या खात्याचं नाही. जोडणी झाली की नेहमीचा लॉगिनचा पडदा येतो, खात्याचा पासवर्ड तिथे. म्हणजे दारं दोन, किल्ल्याही दोन.

शेअरिंग आणि लॉगिन दोन्ही चालू असतील तर ३३८९ पोर्ट (जोडणीसाठीचा ठरलेला क्रमांक) लॉगिनकडे जातो आणि शेअरिंग ३३९० वर सरकतं. जुनं प्रोफाइल अचानक भलताच पडदा दाखवू लागलं तर आधी हे तपासा. ऑटो-लॉगिन मात्र आता बंदच हवं. तेच खातं मशीनवर उघडं असेल, तर दूरून त्याच खात्यात शिरता येत नाही.

रेमिनात प्रोटोकॉल आरडीपी (दूरचा डेस्कटॉप दाखवायची पद्धत), रिझोल्यूशन 'क्लायंटचं वापरा', आणि कलर डेप्थ 'ऑटोमॅटिक'. या शेवटच्या सेटिंगवर थोडं सांगायला हवं. इंटरनेट मंद आहे म्हणून १६ बिट निवडायची जुनी सवय इथे नडते. ग्नोमचा आरडीपी सर्व्हर चित्र पाठवतो ते ग्राफिक्स पाइपलाइन या आरडीपीच्या नव्या मार्गातून, आणि १६ बिटवर रेमिना तो वापरत नाही. क्लायंटने, म्हणजे जोडणाऱ्या प्रोग्रामने, ती पाइपलाइन चालत नाही असं कळवलं की सर्व्हर जोडणी तिथेच तोडतो. रेमिना कारण धड सांगत नाही. मशीनवर जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या कमांडने ग्नोम-रिमोट-डेस्कटॉप सर्व्हिसच्या नोंदी पाहिल्या की ते स्पष्ट लिहिलेलं सापडतं. जोडणी तुटण्याचं दुसरं कारण म्हणजे जुना क्लायंट. लॉगिन झाल्यावर सर्व्हर क्लायंटला आपल्या सत्राकडे पुन्हा वळवतो; हे रीडायरेक्शन ज्याला जमत नाही तो तिथेच गळतो. विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपमधून यायचं असेल तर आरडीपी फाइलमध्ये 'यूज रीडायरेक्शन सर्व्हर नेम' ही ओळ १ करावी लागते.

राउटरवर ३३८९ उघडून ठेवू नका. उघड्या आरडीपीवर पासवर्ड ओळखून पाहणारे बॉट दिवसरात्र धडकत असतात. मी वायरगार्ड हा व्हीपीएन (दोन टोकांमधला खासगी, सुरक्षित मार्ग) वापरतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये ते ५.६ पासून आहे. युएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू असेल तर ३३८९ फक्त वायरगार्डच्या इंटरफेसवरून येऊ द्यायचा. घरगुती फायबरवर बऱ्याचदा स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही. दोन्ही टोकांना तसंच असेल तर मध्ये एखादा भाड्याचा छोटा सर्व्हर लागतो.

एवढं करूनही वीज आल्यावर मशीन आपोआप उठलं नाही तर सगळं फुकट. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते 'पॉवर ऑन' करा. सिस्टीमसीटीएल या कमांडने स्लीप, सस्पेंड आणि हायबरनेट ही टार्गेट मास्क करा, म्हणजे पूर्ण बंद करा, नाहीतर लॉगिनच्या पडद्यावर बसल्या बसल्या मशीन झोपी जाऊ शकतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासफ्रेज नेटवर्कच्या आधीच मागितला जातो. तिथे रिमोट लॉगिनचा काही उपाय चालत नाही. इनिट-रॅमएफएसमध्ये (डिस्क उघडण्याआधी चालणाऱ्या छोट्या प्रणालीत) ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर बसवून एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड देण्याच्या सुरक्षित पद्धतीने, पासफ्रेज द्यावा लागतो, किंवा मग अंबडची फेरी आहेच.