गॅलियम, लोह आणि बायोफिल्म: प्रयोग कुठे फसतो

स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूला बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटून वाढणारा जिवाणूंचा थर) उभारायला लोह लागतं. गॅलियमचा त्रिभारित आयन आकाराने फेरिक लोहाच्या अगदी जवळचा (०.६२ विरुद्ध ०.६४५ अँगस्ट्रॉम), म्हणून जिवाणू त्याला आत घेतो. पण पेशीत गॅलियमचं क्षपण होत नाही, आणि लोहावर चालणारी विकरं तिथेच अडकतात. २००७ मध्ये हे या जिवाणूच्या बायोफिल्मवर दाखवलं गेलं.

हा प्रयोग बहुतेकदा वाढीच्या माध्यमामुळे फसतो. एलबी (जिवाणू वाढवायचं नेहमीचं पोषक माध्यम) वापरू नका. त्यातलं लोह परिणाम झाकून टाकतं. कमी लोहाचं माध्यम घ्या, काचसामान आम्लाने धुवा.

गॅलियम नायट्रेटचं १०० मिलीमोलर द्रावण पाण्यात करा. १० मिलीला निर्जल हिशेबाने ०.२५६ ग्रॅम, पण बाटलीतलं संयुग सजल असतं, तेव्हा लेबलवरचं पाण्याचं प्रमाण बघूनच वजन करा. द्रावण आम्लधर्मी असतं. ते ७.४ सामूच्या माध्यमात ओतलं की हायड्रॉक्साइड, आणि फॉस्फेट जास्त असेल तर फॉस्फेटही, खाली बसतं. सायट्रेटने ते विरघळलेलं राहतं. मात्र हा जिवाणू सायट्रेटसोबतचं लोहही उचलतो, त्यामुळे नुसत्या सायट्रेटचं नियंत्रण (तुलनेसाठी गॅलियमविना नमुना) हवंच.

सगळ्यात दुर्लक्षित नियंत्रण म्हणजे सोडियम नायट्रेट, गॅलियमच्या तिप्पट मोलर प्रमाणात. ऑक्सिजन कमी पडला की हा जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतो, म्हणजे दिसलेला परिणाम गॅलियमचा की सोबतच्या नायट्रेटचा, हे त्याशिवाय कळत नाही.

बायोफिल्म मोजायला वापरतात तो क्रिस्टल व्हायोलेट हा रंग मेलेल्या पेशीही रंगवतो. सोबत जिवंत पेशींच्या वसाहती मोजा. शिवाय फेरिक क्लोराइड घालून परिणाम मागे फिरतो का, तेही तपासा.