तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रिपची पातळी का वाढवत नाही?

"सर, आर्क डिटेक्टरची पातळी जरा वर घेतली तर काय बिघडेल?" जायरोट्रॉनच्या, म्हणजे जबर मायक्रोवेव्ह बनवणाऱ्या आपल्या व्हॅक्यूम ट्यूबच्या, शिफ्टला नवा आलेला प्रत्येकजण महिन्याभरात हे विचारतो. (ठिणगीचा उजेड ठरलेल्या पातळीवर गेला की हा डिटेक्टर ट्यूब बंद करतो; तोच ट्रिप.) पाठीमागे "सर घाबरतात" हेही ऐकू येतं. घाबरतो. आता एकदाच सांगून टाकतो.

तेव्हा ट्यूब कंडिशनिंगवर होती, म्हणजे पल्स हळूहळू लांबवत नेत होतो. मिलिसेकंदांपासून दहा सेकंदांच्या पल्सपर्यंत चढायला तीन महिने गेले होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. आणि संध्याकाळपासून विंडोकडे (मायक्रोवेव्ह जिच्यातून बाहेर पडतात ती चकती) रोखलेला डिटेक्टरचा फायबर उगीचच ट्रिप देत होता. मला तरी उगीच वाटत होतं. सहा ट्रिप झाले. सहाही वेळा विंडो पाहिली, स्वच्छ. साडेअकराला मी पातळी दुप्पट केली. लॉगबुकात माझ्याच अक्षरात आहे: "खोटे ट्रिप, पातळी वाढवली."

पुढची पल्स सात सेकंद सुरेख गेली. मग ना आवाज, ना धूर. फक्त ट्यूबमधलं व्हॅक्यूम राखणाऱ्या आयन पंपाचा करंट सरळ उभा चढला. हाय व्होल्टेज तुटलं, पण तोवर तापलेल्या कॅथोडवर हवा पोचली होती. सकाळी पाहिलं तर विंडोच्या १.८ मिलिमीटर जाडीच्या हिऱ्याच्या चकतीवर केसाएवढी भेग, भेगेवर काळा ठिपका. तांब्याच्या चौपट उष्णता वाहून नेणारा हिरा, आणि बहुधा धुळीच्या कणाने गेला. घरी सांगितलं, "हिरा फुटला." आई म्हणाली, "कुणाचा?"

तेव्हाचा मी अजून भांडतो: सहा वेळा पाहिलं होतंस ना? शिवाय एक तज्ज्ञ म्हणाले, भेग कडेच्या ब्रेझिंगपासून (धातूशी केलेल्या जोडापासून) निघाली, म्हणजे ती कधीतरी जाणारच होती. दुसरे म्हणाले, ठिपक्यापासून. मला सोयीचं कोणतं, ते उघड आहे. म्हणूनच त्यावर विश्वास बसत नाही.

जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला असलेल्या वेंडेलस्टाइन ७-एक्स या फ्यूजन यंत्राच्या १४० गिगाहर्ट्झच्या ट्यूब अर्ध्या तासाच्या पल्ससाठी बांधल्यात आणि आपण दहा सेकंदांवर अडलोय, हा तुमचा टोमणा लागतो. तुमच्या शिफ्ट माझ्यापायी वाया जातात, हेही कळतं. पातळी बदलायला माझी सही लागते, हा नियम मीच केला.

गेल्या मंगळवारी आठ ट्रिप आले. आठही वेळा विंडो स्वच्छ. हे कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो: आठव्या ट्रिपला माझा हात पेनाकडे गेला होता.