कारणाच्या रकान्यात गेम

फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा तिचा निकाल जवळपास लागलेलाच होता. पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण अधिकाऱ्याने सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालात निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘मोबाइलवरील पब्जी गेमच्या आहारी गेल्याने हिंसक प्रवृत्ती.’ मुलगा 16 वर्षांचा, शिवडीचा. नाक्यावर एका तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणाच्या डोक्यात त्याने पेव्हर ब्लॉक घातला. केईएममध्ये टाके पडले, हाड शाबूत राहिलं. थोडक्यात निभावलं.

मी परिविक्षा अधिकारी. मूल बाल न्याय मंडळापुढे हजर झालं की 15 दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, हे आमचं रोजचं काम. घर, शाळा, मित्र, सवयी, मारहाण, सगळं त्या नमुन्यात विचारलेलं असतं. गैरवर्तनाच्या कारणांची यादीही छापील असते: पालकांचं दुर्लक्ष, पालकांचे फाजील लाड, मित्रांची संगत वगैरे, आणि शेवटी ‘इतर’. अलीकडे या ‘इतर’मध्ये सर्रास मोबाइल येऊन बसतो. (मुलाची ओळख पटेल असं काही छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ची बंदी आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून वस्ती, कामधंदे आणि इतर बारकावे फिरवून लिहिते आहे.)

पहिल्या भेटीत मी अजून काही विचारलंही नव्हतं, तोच मुलगा म्हणाला, “मॅडम, गेममुळे माझं डोकं फिरलं.” नाव विचारलं, शाळा विचारली, जेवलास का विचारलं, फिरून गाडी तिथेच. “गेममुळे झालं.” पाठ केलेलं बोलणं लगेच ओळखू येतं. शब्द इकडचा तिकडे होत नाही आणि नजर समोरच्याच्या पेनावर असते, लिहून घेतलं की नाही ते बघायला. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “असं बोलायला कोणी सांगितलं?” बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पप्पांच्या ओळखीचे एक काका आहेत, कोर्टात टायपिंग करतात. ते बोलले, गेमचं सांग, लवकर सुटशील.”

इतक्या वर्षांत दारू, संगत, गरिबी, बापाचा मार, सगळी कारणं ऐकली होती. पण मुलानेच आपल्या बचावासाठी गेम पुढे करावा, हे मला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी सँडहर्स्ट रोडवरून हार्बर पकडून शिवडीला उतरले. वस्ती गोदामांच्या अंगाला. दारात पाण्याचे निळे पिंप, आत दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. वडील गोदामातून माल नेणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हर, आई एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जाते. वडिलांनी बसायला खुर्ची दिली आणि सरळ आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. लखनौची बातमी, 2022 ची. 16 वर्षांच्या मुलाने आईला गोळी घातली, पब्जी खेळू दिलं नाही म्हणून. “बघा मॅडम. आपल्या पोराचं पण हेच होणार होतं.” ही बातमी मला असंख्य वडिलांनी दाखवली आहे. त्या घरात वडिलांचं परवान्याचं पिस्तूल पोराच्या हाताशी होतं, हेही तेव्हा छापून आलं होतं. पण मथळ्यात गेमच होता आणि फॉरवर्ड मथळाच होतो.

“मारता का त्याला?” मी विचारलं.

“नाही हो. कधीतरी पट्टा. ते काय, सगळेच मारतात.”

आई तोवर ओट्याशी होती. पाठ न वळवता म्हणाली, “ताई, कधीतरी नाही. लिहा तुम्ही.” वडील काही बोलले नाहीत. नमुन्यात शारीरिक मारहाणीचा रकाना आहे, त्यात मी लिहिलं.

मुलाला म्हटलं, मला खेळून दाखव. तो चपापला. त्याला वाटलं, पुरावा गोळा करायला आले आहे. मग पोटमाळ्यावरून आईचा फोन आणला. स्क्रीन कोपऱ्यात तडकलेली, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. त्याचं खातं आता राहिलेलं नव्हतं, त्याची गोष्ट पुढे येईलच. एका मित्राच्या खात्यावरून तो आत गेला. विमानातून 100 जण उड्या मारतात, बंदुका शोधतात, वर्तुळ आकसत जातं, शेवटी एक टोळी उरते. भारतासाठीच्या या आवृत्तीत रक्त हिरवं दिसतं, 18 च्या आतल्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा आहे. चौघांच्या टोळीत तो, वस्तीतला एक, आणि परभणी-नाशिककडचे दोघे, ज्यांना त्याने जन्मात पाहिलेलं नाही. कानावर शिव्या अखंड. अस्सल, आईबहिणींवरून. मी त्या पहिल्यांदा ऐकल्या असं नाही, पण त्याची आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तेवढ्यात परभणीवाला म्हणाला, “भावा, कुठं होतास इतके दिवस? बरा आहेस ना?” मुलगा ‘नॉक’ झाला, म्हणजे गेममध्ये घायाळ होऊन पडला, परभणीवाला आपला आडोसा सोडून त्याला उठवायला धावला आणि दोघेही मेले. मुलगा हसला. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

मग बोलता झाला. वडिलांनी खेळायला बंदी केलेली. 18 खालच्याला खातं उघडायला पालकाचा नंबर द्यावा लागतो, तो वडील देणार नाहीत. मग नाक्यावरच्या दादाने दिला, ज्याच्या डोक्यात पुढे ब्लॉक पडला त्यानेच. त्याच्याच नंबरावर, त्याच्याच लॉगिनवर खातं उघडलं. गणपतीच्या सीझनला मुलाने मंडपवाल्याकडे बांबू वाहिले, दिवाळीत फटाक्यांच्या स्टॉलवर उभा राहिला. निम्मे पैसे आईला आणि उरलेल्यातून गेममधले कपडे, बंदुकांचे रंग. दीड वर्षात खातं चांगलं सजलं. मग दादाने पासवर्ड बदलला आणि खातं विकलं. हा मागायला गेला की टपली, शिवी, कधी “जा, बापाला घेऊन ये.” बापाला आणायची सोय नाही, हे दादाला पक्कं ठाऊक. त्या संध्याकाळी सगळ्यांदेखत कानाखाली बसली. गेम आणि मारामारी यांचा संबंध होता तो असा: गोळीबार पाहून भिनलेली हिंसा नाही, तर बुडवलेली कमाई आणि चारचौघांत गेलेली अब्रू. खातं कुणी विकलं नसतं, सायकल विकली असती, तरी हाणामारी झाली असती. अहवालात सायकल मात्र कुणी आरोपी केली नसती.

नाक्यावरच्या चहावाल्याने कानाखालीची गोष्ट खरी ठरवली. आणखी एक सांगितलं, जे मुलाने गाळलं होतं. मार खाऊन तो तिथून निघून गेला होता. दहा-पंधरा मिनिटांनी परत आला, उखडलेल्या फुटपाथवरून ब्लॉक उचलला आणि मागून घातला. मुलाला विचारलं तर त्याने मान हलवली. हे अहवालात येणार म्हटल्यावर आई रडायला लागली: “ताई, मघाशी तुम्ही आमच्या बाजूने होतात.” मी कुणाच्याच बाजूने गेले नव्हते. रागाच्या भरात उठलेला हात वेगळा आणि परत येऊन मागून घातलेला दगड वेगळा. हा फरक मंडळाला कळलाच पाहिजे. त्याचं खापर मी गेमवर फोडू देणार नव्हते आणि दादाच्या कानाखालीवरही.

जखमी तरुणालाही भेटले. डोक्याला पट्टी, हातात मोबाइल, मोबाइलवर तोच गेम. म्हणाला, “मॅडम, तो गेम खेळून येडा झालाय.” खात्याचं विचारलं तर फोन खिशात घातला.

शाळेत फारसं काही हाती लागलं नाही. मुलगा दहावीच्या वर्षात चार महिने गैरहजर, घरी एकही निरोप नाही. “हल्लीची पिढी मोबाइलने वाया गेली” यापलीकडे कुणाला काही सांगायचं नव्हतं.

परतीच्या गाडीत मनात येत होतं, गेम किती जणांच्या कामाला येतो. पोलिसाची रकाना भरायची सोय, वडिलांचा पट्टा झाकला जातो, शाळेची गैरहजेरी, दादाची लबाडी, मुलाचा दगड. घरातल्या मोलकरणीवर चोरी ढकलावी तसं, समोरून कुणी उत्तर देत नाही. 2017 ला ब्लू व्हेलच्या वेळी, म्हणजे मुलांना आत्महत्येकडे ढकलतो म्हणून गाजलेल्या त्या ऑनलाइन गेमच्या वेळी, मुंबईने हेच पाहिलं. अंधेरीतल्या एका मृत्यूनंतर शाळाशाळांतून सूचना निघाल्या, पालक रात्री मुलांचे दंड तपासत होते, त्यावर मासा कोरलाय का ते बघायला. जानेवारी 2018 मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या एकाही घटनेत त्या गेमचा संबंध सिद्ध झाला नाही. ते उत्तर कुणी फॉरवर्ड केलेलं मला आठवत नाही.

मंडळापुढे तारीख आली. प्रधान दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य. मी कारणांत लिहिलं होतं: घरातली मारहाण, वयाने मोठ्यांच्या गटाकडून होणारा छळ, कमाईची फसवणूक. ‘इतर’मध्ये: गेमचं खातं हे भांडणाचं निमित्त, हिंसेचं कारण नव्हे. सदस्य मॅडम निवृत्त शिक्षिका. चष्मा खाली करून म्हणाल्या, “म्हणजे गेमला क्लीन चिट?”

मी म्हटलं, नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2019 साली 14-15 वर्षांची 1004 ब्रिटिश मुलं तपासली. गेम हिंसक की नाही हे मुलांच्या सांगण्यावर न सोडता अधिकृत वयोगट-वर्गीकरणावरून ठरवलं, आक्रमकपणाबद्दल पालकांना विचारलं. संबंध सापडला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये म्हटलं की हिंसक गेममुळे प्रत्यक्ष हिंसा होते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी मात्र थोडासा संबंध दिसतो. तो मी नाकारत नाही, परवा पोटमाळ्याखाली बसून ऐकला. जपान, दक्षिण कोरिया गेमवेडे देश, पण खुनांचं प्रमाण जगात सगळ्यात कमी असणाऱ्यांतले.

“मग व्यसन?”

तेही पाहिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण 12 महिने चालणं. त्या निकषांत हिंसा नाही. हा मुलगा सीझनला काम करत होता, आईला पैसे देत होता, आणि खातं गेल्यावर महिनाभर खेळलाच नव्हता. जागरणं मात्र खरी होती आणि दहावी बुडण्यात त्यांचा हात होता. तसं मी लिहिलंही.

दंडाधिकारी म्हणाले, “पण सरकारने पब्जीवर बंदी घातली होती ना?” घातली होती, 2 सप्टेंबर 2020 ला, इतर ॲप्ससह एकूण 118 वर. कारण दिलं होतं देशाची सुरक्षा आणि लोकांचा डेटा. मारामारीचा त्यात उल्लेख नव्हता. पुढे तोच गेम भारतासाठी वेगळ्या नावाने आला, मध्ये पुन्हा गेला, पुन्हा आला. या सगळ्या येण्याजाण्यात आमच्या कपाटातल्या फायलींना काही फरक पडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. दंडाधिकारी हसले, लिहून घेतलं.

मुलाने गुन्हा कबूल केला. परत येऊन मागून मारल्याचंही स्वतःच्या तोंडाने सांगितलं; “गेममुळे” हा शब्द त्या दिवशी निघाला नाही. मंडळाने समज देऊन घरी सोडलं, काही महिने समुपदेशन लावलं. मुलालाही आणि वडिलांनाही. कलम 18 मध्ये दोघांची तरतूद आहे, फक्त वडिलांना ती कुणी सांगितलेली नव्हती. “मला कशाला? मी काय केलं?” ते मोठ्याने म्हणाले. सदस्य मॅडमनी माझ्या अहवालाचं पान उलटून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात मुलगा माझ्या मागे आला. “मॅडम, आयडीचं काय?” खरं तर मंडळाच्या आदेशात त्याबद्दल अक्षर नव्हतं. मी सांगितलं, पैसे भरल्याच्या पावत्या, मेसेज, जे असेल ते काढून ठेवा आणि सायबरला लेखी तक्रार द्या. पण अर्ज मोठ्या माणसाने करायला हवा आणि खातं परत मिळेलच याची खात्री मी देत नाही.

आईने नवऱ्याकडे बघितलं. वडील खिशात किल्ली शोधत होते. किल्ली सापडल्यावर म्हणाले, “मिळालं तर यावेळी माझ्या नंबरावर घ्यायचं म्हणावं.”